जालन्याच्या उन्हाळ्यासाठी एफपीजीएचं टायमिंग कसं तपासायचं

रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळच्या पॅनेलला एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) असलेला बोर्ड बसवायचा असेल, तर क्वार्टस या डिझाइन सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधला एफमॅक्स (क्लॉकचा सर्वाधिक वेग) बघून थांबू नका. तो आकडा कोणत्या मॉडेलचा, म्हणजे कोणत्या तापमानाला धरून काढलेला आहे, ते आधी बघा.

इथे सायक्लोन ४ मालिकेतली ईपी४सीई६ई२२सी८एन ही चिप धरली आहे. नावातल्या ‘सी८’मधला सी म्हणजे कमर्शियल ग्रेड, जंक्शन (चिपच्या आतलं सिलिकॉन) ० ते ८५ अंश सेल्सिअस. आठ हा स्पीड ग्रेड. आकडा जितका लहान तितकी चिप वेगवान.

सगळ्यात आधी एसडीसी फाइलमध्ये (टायमिंगच्या अटींची फाइल) क्लॉक सांगा. ५० मेगाहर्ट्झसाठी पीरियड २० नॅनोसेकंद. हे लिहिलं नाही तर क्वार्टस १ गिगाहर्ट्झ धरून बसतं आणि सगळा रिपोर्ट विनाकारण लाल होतो. पीएलएल (एका क्लॉकपासून दुसरे क्लॉक बनवणारा भाग) आणि क्लॉक अनसर्टन्टी (क्लॉकचा ठोका किंचित मागेपुढे होणं) यांच्या ‘डिराइव्ह’वाल्या दोन्ही ओळीही टाका.

मग टायमिंग अॅनलायझरमध्ये तिन्ही मॉडेलं उघडा: स्लो १२०० मिलिव्होल्ट ८५ अंश, स्लो ० अंश आणि फास्ट ० अंश. सेटअप (क्लॉकच्या ठोक्याआधी डेटा पोचणं) बहुतेक वेळा स्लो ८५ला अडकतो, पण स्लो ० सोडू नका. कमी व्होल्टेजवर थंडीत ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारं व्होल्टेज) वाढतं, त्यामुळे काही मार्ग गारठ्यातच जास्त हळू होतात. होल्ड (ठोक्यानंतर डेटा क्षणभर टिकणं) मुख्यतः फास्टमध्ये बघायचा, कारण तिथे डेटा गरजेपेक्षा लवकर पोचतो. सेटअपचा स्लॅक (शिल्लक वेळ) उणे आला तर क्लॉक कमी करून किंवा मध्ये रजिस्टर (डेटा पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवणारा भाग) टाकून निभावतं. होल्ड मात्र क्लॉक कितीही कमी केला तरी सुटत नाही.

आता खरी गोम. ८५ अंश हे हवेचं तापमान नाही, चिपच्या आतल्या जंक्शनचं आहे. बंद पॅनेलमधली हवा थर्मोकपलने मोजा, तीही मे महिन्यात दुपारी. समजा ६५ अंश भरली, चिप १.२ वॅट खाते आणि पॅकेजचा (चिपच्या आवरणाचा) थर्मल रेझिस्टन्स दर वॅटला २० अंश आहे: ६५ + (१.२ × २०) = ८९. म्हणजे रिपोर्ट हिरवागार असला तरी ८५च्या पुढे त्याची हमी उरत नाही. सकाळी नीट चालणारी मशीन दुपारी चुकते, तेव्हा पहिला संशय याच बेरजेवर घ्यावा.

अशा वेळी नावात ‘सी८’ऐवजी ‘आय७’ असलेली इंडस्ट्रियल चिप घ्या, जंक्शन −४० ते १०० अंश. डिव्हाइस बदलून पुन्हा कंपाइल करा. मॉडेलंही १०० आणि −४० अंशांची होतील. जुन्या रिपोर्टवर नवी चिप चिकटवू नका.

कोअरचं (चिपच्या आतल्या लॉजिकचं) व्होल्टेज रेग्युलेटरपाशी नको, चिपला खेटून असलेल्या कपॅसिटरवर मोजा. ते १.१५ ते १.२५ व्होल्टच्या मध्ये हवं. बारीक ट्रॅकवर थोडं जरी पडलं तरी लॉजिक मंदावतं.

नावातल्या ‘ई२२’ या पॅकेजच्या पोटाखाली ग्राउंडचा पॅड असतो. घाईत तो सोल्डर न करताच बोर्ड उभा केलेला दिसतो. मग उष्णता निघायची वाटही बंद आणि ग्राउंडही कच्चा.

लिमिट स्विचसारखे बाहेरून येणारे सिग्नल लागोपाठ दोन फ्लिपफ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्याला सिग्नल पकडणारे भाग) घेतल्याशिवाय आत सोडू नका. ते क्लॉकला बांधलेले नसतात, म्हणून तिथली चूक तिन्हीपैकी एकाही मॉडेलमध्ये दिसत नाही.