सायकलवरनं ऑफिसला जाताना कपड्यांची इस्त्री कशी टिकवायची

मी सांगलीत राहते आणि बँकेची शाखा मिरजेत. राममंदिर चौकातनं विश्रामबागवरनं सरळ रस्ता, सगळा सपाट, नऊ-दहा किलोमीटर पडतं, आणि तीन वर्षं झाली मी सायकलनंच जाते. माझं बघून दोनचार मैत्रिणींनी पण सायकली घेतल्या, पण महिन्याभरात परत स्कुटी बाहेर निघाली, आणि कारण विचारलं तर पाय दुखतात, ऊन लागतं असं कुणीच म्हणालं नाही, सगळ्यांचं एकच, कपड्यांचं काय करायचं, बॅगेतनं काढला की कुर्ता असा चुरगळलेला असतो की काउंटरवर बसायला लाज वाटते. मला फार वाईट वाटलं, कारण एवढ्या कारणासाठी सायकल सोडायची गरजच नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहिते. नवरा कुपवाड एमआयडीसीत सायकलनं जातो, त्यामुळं शर्ट-पँटचं पण ह्यात आलंय.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की कापड नुसत्या घडीनं चुरगळत नाही. कपाटात साडी सहा महिने घडी घालून पडलेली असते, काढली की घडीच्या सरळ रेषा दिसतात, बाकी साडी तशीच्या तशी. चुरगळतं ते ओलीनं, उष्णतेनं आणि पिशवीत इकडंतिकडं हलल्यानं. सुती धागा म्हणजे सेल्युलोज, त्यातल्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एका हलक्या पकडीनं, धरून असतात, ओल आणि उष्णता लागली की ती पकड सैल होते, आणि कापड ज्या आकारात वाळेल किंवा गार होईल त्याच आकारात पकड परत बसते. इस्त्री चालते ती पण अशीच, पाणी शिंपडायचं, गरम फिरवायचं, सपाट असताना वाळू द्यायचं. आता विचार करा, सकाळी घाईत गरम इस्त्रीचा शर्ट तसाच घडी करून बॅगेत कोंबला तर काय होणार, आतल्या चुण्यांनाच इस्त्री केल्यासारखं होतं. तर इस्त्री रात्री करा आणि कपडे हँगरला लावून सोडा. सकाळीच करायची वेळ आली तर निदान वीस मिनिटं तरी टांगून ठेवा, डबा भरून होईपर्यंत होतात गार.

इस्त्री करताना कापड पूर्ण कोरडं झालं पाहिजे. इस्त्रीच्या बटणावर किंवा कपड्याच्या लेबलवर ठिपके असतात ना, एक ठिपका 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200, सुतीला तीनच ठिपके लागतात, दोनवर फिरवलं तर वरनं गुळगुळीत दिसतं पण ओल आत राहते आणि दहा मिनिटांत सगळं परत येतं. सुती-पॉलिस्टर मिश्रण असेल तर मात्र दोनच.

कापडाबद्दल थोडक्यात. लिनन सायकलसाठी नकोच. टेरीकॉट सगळ्यात सोपं जातं, पण सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये अंगावर नको होतं, मी जाड विणीचं सुती घेते, पातळापेक्षा बरंच बरं टिकतं. 'रिंकल फ्री' लिहिलेल्या शर्टाच्या कापडावर रेझिनची प्रक्रिया केलेली असते, चालतात चांगले, पण धुऊन धुऊन गुण कमी होत जातो. आणि बॅगेतनं न्यायच्या कपड्यांना खळ घालू नका, खळ घातलेलं कापड वाकलं की तिथं कडक रेघ मोडते आणि ती नुसत्या हातानं जात नाही.

आता घडी. ह्यासाठी विकत काही आणायची गरज नाही, घरात साडीची चेनवाली कव्हरं पडलेली असतात, त्यातलं एक घ्या. नवीन शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घ्या, नसेल तर कुठलाही ए-फोर कागदापेक्षा थोडा मोठा पुठ्ठा कापा. शर्टाची सगळी बटणं लावू नका, कॉलरचं, मधलं एक आणि शेवटचं एवढीच, म्हणजे कापडाला थोडं सरकायला जागा राहते. शर्ट पालथा टाका, पुठ्ठा कॉलरच्या खाली पाठीवर ठेवा, दोन्ही बाजू आत घ्या, बाह्या सरळ खाली सोडा, आणि खालचा भाग वर आणा. कॉलरच्या आत बेल्ट गोल गुंडाळून ठेवा, नुसती कॉलर दबली की दिवसभर वाकडी राहते. पँटची क्रीज जुळवा, पँट लांब टाका, शर्टाचा पुठ्ठा तिच्या मध्यावर ठेवा आणि दोन्ही टोकं वरनं आणून शर्टाला गुंडाळा, म्हणजे गुडघ्यावर पातळ घडी पडत नाही, जाड गोलाई पडते. जितकी गोलाई मोठी तितकी रेघ कमी, हे सगळ्या कपड्यांना लागू आहे. मधे एखादं पातळ प्लॅस्टिक घातलं तर कापड कापडावर घासत नाही, घसरतं, त्यानं पण खूप फरक पडतो.

कुर्ता पुठ्ठ्यावर नीट बसत नाही, लांब असतो, मी तो गुंडाळते. उभ्या तीन घड्या करायच्या, खालच्या टोकाला कोरडा पंचा गुंडाळून ठेवायचा आणि त्यावरनं वरपर्यंत गुंडाळत न्यायचं, घट्ट पण ओढून नाही. पंचा पोचल्यावर घाम पुसायला होतोच. मी आधी पंच्याऐवजी चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरायचे, शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात, फुटभर पुरतो, कडा मात्र घासून घ्या नाहीतर धागा ओढतो. पाइपनं कुर्ता लई सुंदर राहतो, फक्त बॅगेत जागा खातो.

साडी. कॉटनची साडी नेसून सायकल मी चालवत नाही, पदर-निऱ्या चाकात जायची भीती, त्यामुळं ती पण बॅगेतनंच. इस्त्रीवाल्यानं दिलेली लांबट घडी मोडायची नाही, मधे पंचा ठेवून एकदाच दुमडायची, आणि ब्लाउज वेगळा, त्याच्या बाह्या साडीच्या वजनानं दबतात. परकर कसाही गुंडाळा, तो कुणाला दिसत नाही.

हे सगळं साडीच्या कव्हरात घालायचं, हवा दाबून काढायची, चेन लावायची. कव्हर बॅगेत सैल राहता कामा नये, मोकळी जागा राहिली तर स्वेटर नाहीतर ओढणी भरा. आपल्या रस्त्याचे खड्डे माहितीच आहेत, कॅरियरवर पिशवी नाचली की घडी कितीपण चांगली असू दे, घासून चुरगळते. मी कॅरियरवर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधते, सायकलच्या दुकानात फुकट देतात. पाठीवरच्या सॅकमध्ये कपडे नेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, पाठीला घाम येतो, ऊब आणि ओल दोन्ही सॅकमधनं आत जातात, पाठीवर कपडे न्यायचेच असतील तर पाठीकडच्या बाजूला पुठ्ठा आणि प्लॅस्टिक तरी घाला. डबा कधीच त्याच बॅगेत नाही, पुढच्या बास्केटमध्ये. आमटीचा हळदीचा डाग पांढऱ्या कुर्त्यावर पडला की इस्त्रीचा प्रश्नच संपतो.

पावसाळ्यात कव्हरावर अजून एक जाड पिशवी, तोंड पिळून खाली दुमडायचं. वळीव कधी येईल सांगता येत नाही म्हणून ही पिशवी मी एप्रिलपासनंच बॅगेत ठेवते. ओला रेनकोट कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका, हँडलला अडकवा.

पोचल्यावरची वेळ पण तितकीच महत्त्वाची. मी साडेआठला निघते, सव्वानऊला पोचते, निवांत चालवते. उतरल्यावर पण दहा-पंधरा मिनिटं घाम येतच राहतो, तेव्हा लगेच कपडे घातले तर पाठ आणि कोपर ओले होतात आणि अंगावरच चुण्या पडतात. पंख्याखाली बसायचं, पाणी प्यायचं, कपडे तेवढ्यात हँगरला टांगायचे, मग ओल्या रुमालानं अंग पुसून पंच्यानं कोरडं करायचं आणि सगळ्यात शेवटी कुर्ता. एक हँगर ऑफिसमध्ये कायमचा ठेवा. बायकांना कपडे बदलायला जागा हा खरा प्रश्न आहे, मी सरळ मॅनेजरना विचारलं आणि रेकॉर्ड रूमला आतनं कडी लावून घेतली, एवढंच लागत होतं. विचारा, लाजू नका.

तरीपण एखादी चुणी राहिलीच तर ओला हात फिरवून कापड ताणून धरा आणि पंख्याखाली वाळू द्या, सुतीला चालतं. कॉलर किंवा बाहीची पट्टी असेल तर स्टीलच्या सपाट बुडाच्या तांब्यात उकळतं पाणी घ्या, बूड बाहेरनं कोरडं पुसा, फडक्यानं धरा आणि फिरवा. पूर्वी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे, तीच पद्धत.

आणि रोजची ही सगळी खटपट नको असेल तर मी आता जे करते ते करा. शाखेजवळच एक इस्त्रीवाले आहेत, त्यांच्याकडंच कपडे देते. रविवारी धुतलेले सगळे जोड सोमवारी कसेही गुंडाळून नेते, चुरगळले तरी चालतात कारण इस्त्री तिकडंच व्हायची असते, एका नगाला दहा रुपये पडतात. दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा असतो त्या आठवड्यात पाच जोड, नाहीतर सहा. दोन-दोन आणून ऑफिसातल्या कपाटात टांगते. सोमवारचा एक जोड तेवढा आदल्या आठवड्यातला शिल्लक ठेवायचा, नाहीतर सकाळी घालायला काही नसतं.

संध्याकाळी परत सायकलचे कपडे घालताना सकाळचा पंचा आणि टीशर्ट वाळलेले आहेत का बघा, ओले असतील तर वेगळ्या पिशवीत. घरी पोचल्या पोचल्या बॅग रिकामी करून उघडी ठेवा, कव्हर उलटं करून दोरीवर टाका, सकाळपर्यंत आतली ओल गेली पाहिजे.