एका किटवर शाळेची लाइन फॉलोअर टीम

रोबोटिक्सच्या शालेय स्पर्धेत उतरायचं तर लाइन फॉलोअरपासून, म्हणजे जमिनीवरची काळी रेघ ओळखून तिच्यावरून चालणाऱ्या रोबोपासून सुरुवात करा. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब शाळेत असेल तर उत्तमच, नसली तरी दीड-दोन हजारांत एक रोबो उभा राहतो. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुरिअरनं मिळतं.

लागेल ते असं: आर्डुइनो ऊनो हा कोड चालवणारा बोर्ड (क्लोन चालेल), मोटरना करंट पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, चाकांसकट दोन बीओ मोटर (पिवळ्या, गिअरवाल्या छोट्या मोटर), एक कॅस्टर (कुठेही वळणारं आधाराचं चाक), रेघ ओळखणारी पाच सेन्सरची अ‍ॅनालॉग आयआर (इन्फ्रारेड) पट्टी, १८६५०चे दोन सेल (रिचार्ज होणारे लिथियम सेल), होल्डर, स्विच आणि चार्जर. शाळेत संगणक नसला तरी अडत नाही. ओटीजी केबल (फोनला यूएसबी उपकरण जोडणारी) लावून अँड्रॉइड फोनवरच्या आर्डुइनोड्रॉइड अ‍ॅपमधून कोड चढवता येतो.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मात्र घेऊच नका. मोटर सुरू होताना लागणारा करंट ती देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि ऊनो रीसेट होतो. मुलं मग तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसतात. सिरीजमधले दोन सेल ७.४ व्होल्ट देतात. एल२९८एन त्यातले साधारण २ व्होल्ट स्वतःच खातो, उरलेले साडेपाचच्या आसपास बीओ मोटरला नेमके पुरतात. सेल ७ व्होल्टच्या खाली गेले की चार्जिंगला लावा.

स्विचमधून आलेली प्लस वायर ड्रायव्हरच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलला आणि ऊनोच्या व्हिन या पुरवठ्याच्या पिनेला द्या. बॅटरी, ड्रायव्हर, ऊनो, सेन्सर या सगळ्यांचा ग्राउंड एकच हवा. तो राहिला की रोबो भूत लागल्यासारखा वागतो. ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी या वेगाच्या पिनांवरचे जंपर (छोट्या टोप्या) काढून त्या पिना ऊनोच्या ५ आणि ६ला जोडा, नाहीतर वेग बदलताच येणार नाही. प्रत्येक मोटरच्या टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला की मोटरचा नॉइज कमी होतो.

सेन्सरपट्टी जमिनीपासून ३ ते ५ मिमीवर आणि चाकांच्या अक्षापासून ८-१० सेंमी पुढे बसवा. फार जवळ बसवली तर वळण उशिरा कळतं, फार लांब गेली तर नाक डोलायला लागतं.

सरावाचा ट्रॅक जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या, चमक नसलेल्या बाजूवर काळ्या इन्सुलेशन टेपनं करा. रेघेची रुंदी नियमावलीत बघा. ३० मिमी हवी असेल तर १८ मिमीच्या दोन पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवून लावा.

आता कोड. सिरीयल मॉनिटरवर (आर्डुइनोचे आकडे दाखवणाऱ्या अ‍ॅपमधल्या खिडकीत) प्रत्येक सेन्सरचं पांढऱ्यावरचं आणि काळ्यावरचं रीडिंग घ्या, दोन्हींच्या मधला आकडा ही त्या सेन्सरची सीमा. सेन्सरना डावीकडून −२, −१, ०, १, २ असे भार द्या. काळं दिसणाऱ्यांच्या भारांची सरासरी म्हणजे एरर, रेघ मध्यापासून किती सरकली ते. बेस स्पीड (सरळ जातानाचं पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरचा ० ते २५५मधला वेगाचा आकडा) १०० ठेवून केपी २०पासून वाढवत न्या; केपीनं एररला गुणून आलेला आकडा एका चाकाच्या वेगात मिळवायचा, दुसऱ्यातून वजा करायचा. रोबो रेघेवर नागमोडी जायला लागला की केपी तिथेच थांबवा आणि केडी (एरर किती झपाट्यानं बदलते त्याचा गुणक) वाढवून डोलणं मारा. केआय (साठत गेलेल्या एररचा गुणक) शून्यच राहू द्या, इथे त्याचा उपयोग फारसा नाही. ७०च्या खाली पीडब्ल्यूएम गेलं तर बीओ मोटर बहुधा नुसती घुंई करते, फिरत नाही. पाचही सेन्सरना पांढरं दिसलं तर शेवटची एरर ज्या बाजूची होती तिकडे वळवा.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यात जास्त दगा देतो उजेड. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे खिडकीजवळच्या ट्रॅकवर काल घेतलेले आकडे निकामी होतात. सेन्सरपट्टीभोवती काळ्या कार्डपेपरची झालर लावा आणि कॅलिब्रेशन (पांढऱ्या-काळ्याचे आकडे नव्यानं घेणं) एका बटणावर ठेवा, म्हणजे तिथल्या तिथे पुन्हा करता येईल. जंपर वायरींच्या मुळाशी हॉट ग्लूचा थेंब आदल्या दिवशीच टाका.

एका किटवर चार मुलं पुरे. वायरिंग, कोड, ट्रॅक आणि नोंदवही ही कामं दर आठवड्याला फिरवा. नाहीतर एकच मुलगा कोड लिहितो आणि मुलींकडे चार्ट रंगवण्याचं काम येतं. जोडणी कागदावर काढून नोंदवहीत चिकटवा. ऐनवेळी वायर सुटली आणि वायरिंग करणारा आजारी असला, तरी उरलेल्या तिघांपैकी कुणालाही ती जोडता आली पाहिजे.