'शोपीस' म्हणणाऱ्या साहेबाला कसं थांबवायचं

खराडीत एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात मी साडेतीन वर्षं होते. कोटेशन काढायची, लोनची कागदपत्रं गोळा करायची, हे सगळं मीच बघायचे. पण मोठं गिऱ्हाईक आलं की सर म्हणायचे, "हिला पुढे बसवा, आपला शोपीस आहे." एकदा गिऱ्हाइकासमोरच त्यांनी माझ्या गळ्यातली आयकार्डची फीत स्वतःच्या हाताने सरळ केली. मला विचारलंही नाही. त्यानंतर त्या गिऱ्हाइकाने कार्पेट एरिया विचारला, तर तोंडपाठ असलेला आकडा मला सांगता येईना.

तुझ्याशी कुणी असं वागत असेल तर आजच एक वही कर. तारीख, वेळ, समोर कोण होतं ते लिही. "घाण बोलले" एवढ्यावर भागवू नकोस. लाज वाटली तरी जे बोलले तेच शब्द उतरव. मी परतीच्या पीएमटीत बसल्याबसल्या लिहायचे, कारण घरी स्वयंपाकाला लागलं की "जाऊ दे" वाटायला लागतं. मेसेजचे स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर ठेव, ऑफिसच्या फोनमध्ये नको.

मग तोंडावर सांग, एका वाक्यात. "सर, मला शोपीस म्हणू नका, हात लावू नका." माझा आवाज कापत होता, तरी बोलले. तेच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं.

तरी थांबलं नाही तर लेखी तक्रार. नकोसा स्पर्श, अश्लील शेरे, हे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात येतं. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष बाईच. माणसं कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. शेवटच्या प्रसंगापासून ३ महिन्यांची मुदत असते. "दिवाळी होऊ दे" करत मी ती जवळजवळ घालवली होती, तू तसं करू नकोस. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ती नेहमीच्या रजेतून कापत नाहीत. पैसे देऊन मिटवू म्हणाले तर सरळ नाही म्हण, कायद्यातल्या समेटात पैसा बसत नाही.

साक्षीला कोण येईल याची मला फार भीती होती. सेल्समधलं कुणी आलं नाही. ऑफिसात चहा करणाऱ्या मावशी आल्या. फितीचा दिवस त्यांना पक्का आठवत होता, त्यांची संकष्टी होती.