एआय वापरून लग्नपत्रिका करताय? अक्षरं मात्र स्वतःच टाका

परवा एक काका दुकानात आले, मोबाईल पुढे केला, म्हणाले पत्रिका एआयवर केलीय, तुम्ही फक्त छापून द्या. बघतो तर नवरीच्या नाकात साखळीवाली गोल नथ, नवरदेवाला सेहरा, आणि "श्री गणेशाय नमः" मधला श्री ओळखूच येईना. अशी गिऱ्हाइकं आता वाढणारच, त्यांना हाकलून काय मिळणार? आपली कामाची पद्धत बदलूया, मी कशी करतो ते सांगतो.

एआयकडून फक्त चित्र घ्यायचं. नुसतं "मराठी नवरी" लिहून भागत नाही, मुंडावळ्या त्याला कळतीलच असं नाही, म्हणून सरळ वर्णन करा: कपाळावर आडवी मोत्यांची सर, दोन्ही कानांजवळ खाली सोडलेल्या लडी, डाव्या नाकपुडीत मोत्यांची नथ, साखळी नको, हातात हिरवा चुडा, पैठणीच्या पदरावर मोर. चार-पाच पर्याय काढून गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवा, पूर्वी एवढ्याला दोन दिवस जायचे. आणि बोटं मोजा, खरंच मोजा, चुड्याच्या हातात सहावं बोट मला छपाईच्या आदल्या रात्री दिसलं होतं.

मजकूर कोरल किंवा इलस्ट्रेटर अशा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाइप करा. एआयची देवनागरी आधीपेक्षा बरी झालीय पण जोडाक्षरं अजून फसतात, "कऱ्हाड" मधला ऱ्ह तर हमखास. फॉन्टही बघून घ्या, आपला ल आणि श हिंदी वळणाचा आला तर घरातल्या जाणत्या माणसांना लगेच खटकतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, युनिकोड (अक्षरांचं जागतिक मानक) आहेत.

आता साइज. चित्र बरेचदा १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं येतं, ३०० डीपीआयला (छपाईत एका इंचात ३०० ठिपके) ते साडेतीन इंचसुद्धा भरत नाही, ५ बाय ७ इंचाच्या कार्डाला १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात, वर चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. म्हणून आधी अपस्केल करा, म्हणजे चित्राचे पिक्सेल वाढवून घ्या, कडा कमी पडल्या तर फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने वाढवा. गिऱ्हाइकाकडचं चित्र व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून पाठवलं की बारीक होऊन येतं. सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) केल्यावर स्क्रीनवरचा झगमगता केशरी आणि गुलाबी मंदावतो, तो गिऱ्हाइकाला आधीच प्रिंट काढून दाखवा, नंतरची भांडणं वाचतात.

पैशाचं म्हणाल तर "चित्र तर फुकट आलं" हे ऐकून रेट पाडू नका. काकांना मी मांडणी, मजकूर आणि छपाईची फाइल असं तीन ओळीत वेगवेगळं लिहून दिलं आणि ते काही न बोलता कबूल झाले.

शेवटी कागदावर प्रूफ काढा, नावं, तारीख, वार, मुहूर्त घरातल्या दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि त्याच कागदावर सही घेऊन मगच छपाईच्या प्लेटला पाठवा.