जुन्या गाडीची पेट्रोल टाकी घरी खोलताय? या चुका टाळा

आमच्या दारात वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, कार्बोरेटरवाली (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग), आणि तिची टाकी मी आजवर दोनदा खाली उतरवलीय, त्यातली पहिली वेळ निव्वळ हमाली होती. झालं असं की सांगलीतनं निघून आष्टा मागं पडलं की गाडी आचके द्यायला लागायची, मग बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू, पेठ नाक्यापर्यंत हाच खेळ तीनदा. ज्याला विचारावं तो म्हणायचा टाकीत कचरा आहे. मी टाकी काढली, धुतली, परत बसवली, गाडी परत तिथंच बंद. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडी बंद पडल्या पडल्या फक्त झाकण उघडलं, फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली आणि गाडी लगेच चालू झाली. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, आणि त्याच्या आधी महिनाभर मी हौसेनं बिनभोकाचं नवं झाकण आणून लावलेलं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायलाच पाहिजे, नाहीतर आत व्हॅक्यूम तयार होतो, पंप ओढून ओढून थकतो, आणि पातळ पत्र्याची टाकी असेल तर ती आत पोचकते सुद्धा. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी झाकण उघडून बघा, हे फुकट आहे.

दुसऱ्यांदा मात्र खरंच काम होतं. २०१९ च्या महापुरात गाडी पाण्यात उभी होती, टाकीच्या तळाला गंज, एका कोपऱ्यात बारीक भोक. आता इथं सगळ्यात मोठी चूक, आणि ही चूक एकदाच करता येते. लोक म्हणतात पेट्रोल काढून टाकलं, आता रिकामी आहे, मारा वेल्डिंग. अहो रिकामी टाकीच जास्त वाईट! भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेट घ्यायला हवाच पुरत नाही, पण हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ठिणगीनं स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच प्रमाण जमतं. पाण्यानं धुतली, आठवडाभर उन्हात वाळवली, वास पण येत नाही, तरी भरवसा नाही, कारण पत्र्याच्या दुमडलेल्या सांध्यात आणि आतल्या चिकट थरात पेट्रोल मुरलेलं असतं, ते उष्णता लागली की बाहेर येतं. डाग देणं, ग्राइंडर, ड्रिल सगळं याच हिशोबात धरा. नवीन ड्रेन बोल्टसाठी एकच भोक पाडायचंय म्हणून ड्रिल लावणारे मी बघितलेत, अंगावर काटा येतो. हे काम टाक्या वाफेनं साफ करून मगच डाग देणाऱ्या माणसाकडं द्या, आणि तो "पाणी मारलं की झालं" म्हणाला तर टाकी उचलून घरी आणा.

पेट्रोल काढताना पण तेच. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरनं सरपटत जाते, आणि आपल्याकडं गाडी पोर्चमध्ये, पोर्चला लागून स्वयंपाकघर, नाहीतर देवघरात समई तेवती. उघड्यावर करा, बॅटरीची वायर आधी सोडा, प्लास्टिकच्या बादलीत नको, पत्र्याच्या कॅनमध्ये घ्या. तोंडानं नळी ओढायची सवय असेल तर सोडा, घोट फुप्फुसात गेला तर थेट दवाखाना.

गंज काढायला संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे पुष्कळ. गंज जातो खरा, पण चांगला पत्रा पण खातं, हायड्रोजन सुटतो, आणि धुऊन तासाभरात आत परत तांबूस थर. फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर बरं, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. आत खळखळायला सुटे नट टाकू नका, एक तरी आत राहतोच, त्यापेक्षा साखळी टाका, ओढली की सगळी बाहेर. सीलर (आतून बारीक भोकं बुजवणारा लेप) टाकीत ओतायचा असेल तर टाकी कडकडीत कोरडी पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी पापुद्रे सुटून कार्बोरेटरमध्ये. ओतून झालं की पेट्रोलच्या नळीतनं आणि हवेच्या नळीतनं हवा फुंकून बघा, मी विसरलो होतो, अख्खी नळी बुजली.

सीलर घेताना इथेनॉलला टिकणारा घ्या. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्या वीस टक्क्यात आपल्याच भागातल्या उसाचा पण वाटा आहे, आणि तेच आपल्या जुन्या गाडीचं रबर आणि कॉर्कचं गॅस्केट खातंय, गंमत आहे सगळी. वर इथेनॉल पाणी ओढतं, जास्त झालं की ते दोन्ही मिळून तळाला बसतं, म्हणजे नळी जिथनं पेट्रोल ओढते तिथंच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हे लक्षात ठेवा.

टाकीच्या सांध्याला लाल सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. टेफ्लॉन टेपचे धागे निघून जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, अडकतात. पाण्याचा किंवा कॉम्प्रेसरचा पाईप नको, जे३० आर९ छापलेला पेट्रोलचा होज घ्या. कार्बोरेटरच्या गाडीला इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप तर अजिबात नको, कार्बोरेटरला २ ते ४ पीएसआय दाब पुरतो, तो पंप चाळीसच्या वर देतो, कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई ढकलून पेट्रोल गरम इंजिनवर.

मोठी टाकी बनवून घ्यायचा मोह मला पण झाला होता. त्यात आडवे पडदे नसले की वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं आणि इंजिन उपाशी. पत्रा जस्ताचा वापरला तर इथेनॉल जस्त सोडवतं. खोली बदलली की फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाचा) दांडा चुकतो आणि पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. (टाकी रंगवल्यावर काटा मेला तर आधी अर्थची वायर बघा, बहुतेक वेळा तेच.) गाडी पन्नास वर्षांवरची असेल आणि २०२१ च्या नियमाखाली व्हीए सीरिजचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल तर बॉडी कापून टाकी बसवू नका, गाडी मूळ रूपात लागते.

परत बसवल्यावर लगेच फुल करू नका. सांध्यांवर खडू घासा, दोन लिटर टाका, उघड्यावर रात्रभर ठेवा, झिरपलं की खडू तिथं ओला काळपट दिसतो. माझा खडू सकाळी कोरडा होता, खाली पडलेला डाग डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या) तेलाचा निघाला, ते काम अजून बाकी आहे.