दोन बंद ग्रास कटरमधून एक चालू

भाताची कापणी उरकली की कोकणात बऱ्याच पडव्यांत एखादा बंद ग्रास कटर कोपऱ्यात टेकलेला दिसतो. शेजाऱ्याकडेही तसाच एक असेल तर मागून आणा, पण पाना हातात घेण्याआधी दोन्ही इंजिनांवरचा नंबर वाचा.

चिनी बनावटीच्या इंजिनावर '१ई४०एफ-५' असं काहीतरी कोरलेलं असतं. १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, ४० हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये आणि एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. हे झालं ४३ सीसीचं. ५२ सीसीवर '१ई४४एफ-५' असतं. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३४ मिमीच, म्हणून कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच सहसा एकमेकांना चालतात; सिलिंडर-पिस्टन मात्र नाही. आणि नुसत्या '४०'वर जाऊ नका. पाठीवरच्या फवारणी पंपाचं इंजिनही ४०चंच असतं, पण त्याचा स्ट्रोक ३३ मिमी. '-५'सारखा शेपटीचा आकडासुद्धा जुळायला हवा.

आता टाकी रिकामी करा, प्लगची टोपी काढा आणि सायलेन्सर उतरवा. सायलेन्सरमागच्या भोकातून टॉर्च मारली की पिस्टन दिसतो. उभे ओरखडे दिसले तर ते इंजिन बहुधा ऑइलविना चालून सीझ, म्हणजे जाम, झालेलं आहे. त्याचा सिलिंडर-पिस्टन भंगारात, बाकीचं कामाचं.

मॅग्नेटचा, म्हणजे चुंबक बसवलेल्या चाकाचा, नट सोडताना क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) फिरतो. पिस्टन वर येताना सायलेन्सरचं भोक झाकलं गेलं, की प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सरकवा. पिस्टन तिच्यावर अडतो. स्क्रू ड्रायव्हर घालून अडवू नका, पिस्टनला भोक पडतं.

पिस्टन बदलताना त्याच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडे हवा. मी एकदा घाईत उलटा बसवला. पिस्टनवरच्या रिंगांची तोंडं सायलेन्सरच्या भोकासमोर आली, रिंग त्यात अडकली आणि दुसऱ्याच झटक्याला तुकडे. चांगला सिलिंडरही गेला. रिंगेच्या खोबणीतली बारीक पिन रिंगेच्या दोन टोकांच्या मधे बसली आहे ना, हे बोटाने चाचपूनच सिलिंडर खाली घ्या. सिलिंडरखालचं पॅकिंग नवीनच घाला, जुन्यावर काटकसर नको.

प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल लावताना मॅग्नेटचं चुंबक तिच्यासमोर आणा, मधे एक व्हिजिटिंग कार्ड धरा, चुंबकाला कॉइल ओढू द्या आणि मग स्क्रू आवळा. साधारण ०.३ मिमी फट राहते.

एक लिटर पेट्रोलला २५ मिली टू-टी ऑइल घालून चालू करा. रेस सोडल्यावरही आवाज आपोआप चढत गेला तर इंजिन कुठून तरी हवा ओढतंय. लगेच बंद करा आणि आधी कार्बोरेटरचं पॅकिंग बघा, मग क्रँकचे सील.