जुन्या ट्रॅक्टरचा स्पार्क प्लग: नंबर बदलण्याआधी या चुका टाळा

आधी एवढं बघून घ्या की तुमच्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लग आहे तरी का. आपल्याकडचे बहुतेक सगळे ट्रॅक्टर डिझेलचे. त्यांना असलाच तर हीटर प्लग असतो आणि त्याचा हीट रेंजशी, म्हणजे प्लगचं टोक किती तापलेलं राहतं ते सांगणाऱ्या नंबराशी, काही संबंध नाही. मी लिहितोय ते १९४६ ते १९५६ दरम्यान बनलेल्या फर्ग्युसन टीई २० सारख्या, पेट्रोलवर किंवा पेट्रोल-रॉकेलवर चालणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल. आमचा असा एक मुंबईत खाडीपलीकडे गोराईला काकांच्या वाडीत उभा असतो, तिथे बोटीने जावं लागतं. नांगर त्याने कित्येक वर्षांत ओढलेला नाही. झावळ्या आणि खताची पोती वाहतो, बाकी वेळ उभ्या उभ्या भुकभुक करतो. प्लग सारखे काळे.

काका म्हणाले, "अरे, येताना एक नंबर गरम प्लग घेऊन ये." जुन्या प्लगवर १७५ होतं. चोरबाजारात एका दुकानात मायकोचा (म्हणजे बॉशच्याच इथल्या जुन्या कंपनीचा) पडून राहिलेला माल निघाला, त्यात १७५ही होते आणि २२५ही. बॉशचा नंबर मोठा म्हणजे प्लग गरम, हे मला पाठ. ऐटीत २२५ उचलले. संध्याकाळपर्यंत चारही प्लग तव्याच्या बुडासारखे, आणि गाडी दोनच सिलिंडरवर लंगडतेय.

झालं असं की बॉशच्या जुन्या पद्धतीत हिशेब उलटा होता: आकडा मोठा, तर प्लग थंड. जुना १७५ म्हणजे आजचा ७, जुना २२५ म्हणजे आजचा ५. मी गरम समजून थंड प्लग लावून आलो होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आजही मोठा आकडा म्हणजे थंड, चॅम्पियनमध्ये मोठा म्हणजे गरम. बॉशचा ७ म्हणजे एनजीकेचा साधारण ६. त्यामुळे दुकानात नुसतं "एक नंबर वरचा द्या" म्हणू नका, कंपनी बदलत असाल तर तुल्य नंबरांचा तक्ता मागा.

गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते, हा दुसरा गैरसमज. ठिणगी तीच. फरक आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीत असतो. नळीचं टोक लांब असेल तर उष्णता इंजिनच्या हेडकडे सावकाश जाते आणि टोक तापलेलं राहतं. आखूड असेल तर लवकर निवतं. टोक साधारण ५०० अंशांच्या वर असलं की काजळी आपोआप जळते. ८५० च्या पुढे गेलं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं, आणि मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून बदलायचाच तर एकच पायरी, आणि त्यानंतर भरल्या ट्रॉलीने चालवून बघायचं.

प्लग वाचण्यातही गडबड होते. पाच मिनिटं आयडलवर ठेवून काढलेला प्लग काळाच दिसणार. ओझं ओढत असतानाच इंजिन बंद करा, थोडं निवू द्या, मग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर नंबराला हात लावू नका. कोरडी काजळी असेल तर आधी कार्बोरेटर, चोक आणि एअर क्लीनर बघा. ओलं, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेलेत. गरम प्लगने ते चार दिवस झाकलं जाईल, एवढंच. पांढरं, फोड आल्यासारखं दिसलं तर आधी ठिणगीचं टायमिंग तपासा. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकातून) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, त्यानेही प्लग पांढरट दिसतो. तिथे थंड प्लग नको, जेट मोठा हवा. रॉकेलवाल्यांनी इंजिन नीट तापल्याशिवाय पेट्रोलवरून रॉकेलवर जाऊ नये, नाहीतर कुठल्याही नंबरचा प्लग माखणारच.

आणि आट्यांची लांबी मोजा. १४ मिलिमीटर व्यासात १२.७ आणि १९, दोन्ही लांबीचे प्लग मिळतात. आखूड आट्यांच्या हेडला लांब प्लग बसवलात तर तो पिस्टनवर आपटू शकतो.

दुसऱ्या रविवारी परत जेटीवर रांग, परत बोट. २२५ काढले, नवे १७५ लावले आणि या वेळी कार्बोरेटरकडे नीट पाहिलं. चोकची वायर गंजून अडकली होती, नॉब आत ढकलला तरी झडप अर्धी मिटलेलीच. वायरला तेल घातलं. काका बाजूला उभे. म्हणाले, "मग एवढे प्लग कशाला आणलेस?"